टाइमशीटवरची सही

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास टाइमशीट उघडायची, सोमवार ते शुक्रवारच्या पाच चौकोनांत आठ-आठ-आठ-आठ-आठ असे आकडे टाकायचे आणि ‘सबमिट’चे बटण दाबून घरी निघायचे, हा आपल्यापैकी अनेकांच्या आठवड्याचा शेवटचा विधी असतो. त्या बटणाच्या वर बारीक अक्षरांत एक वाक्य लिहिलेले असते : वरील तास खरे आणि अचूक आहेत असे मी प्रमाणित करतो. हे वाक्य वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. आजचा लेख त्या वाक्यावर आहे.

विषय कोरडा वाटेल. पण वाचकहो, आपल्या समाजात टाइमशीटचा संबंध आता फक्त आय.टी.तल्या कन्सल्टंट मंडळींशी राहिलेला नाही. कोणाचे डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर किराणा मालाचे दुकान आहे, कोणी गॅस स्टेशन किंवा सँडविचची फ्रँचायझी चालवतो, आणि त्यांच्या हाताखाली सहा-आठ माणसे ताशी पगारावर असतात. अलीकडे तिसरेही एक दार उघडले आहे. घरातल्या वृद्ध सासूसासऱ्यांची किंवा आईवडिलांची देखभाल करण्याबद्दल सरकारी योजनेतून पगार घेणारी सून किंवा मुलगी. तिलाही तास भरून द्यावे लागतात. या तिन्ही घरांत चूक वेगवेगळी होते आणि तिची किंमतही वेगवेगळी असते. मी वकील नाही. गेली काही वर्षे हजेरी आणि पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे हे आकडे पुढे कुठे जातात, कोण तपासतो आणि कसा तपासतो, एवढे आतून पाहिलेले आहे. तेच सांगतो. प्रत्यक्ष प्रसंग आला तर वकिलाकडेच जावे.

टाइमशीट म्हणजे हजेरी नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. भारतातल्या कचेरीत मस्टरवर सही केली की आपण आलो एवढेच सिद्ध होत असे. उशीर झाला तर लेट मार्क, तीन लेट मार्कांना एक रजा, संपले. इथली टाइमशीट ही पैशांची मागणी असते. तुमच्या आठ तासांवरून तुमचा पगार निघतो, आणि कन्सल्टंट असाल तर त्याच आठ तासांवरून तुमची कंपनी क्लायंटला बिल पाठवते. म्हणजे एका खोट्या तासाने दोन ठिकाणी पैसे जातात आणि दोन्ही कागदांच्या मुळाशी तुमची सही असते.

तास मोजण्याचे यंत्र आपल्या धंद्याला तसे परके नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी विलार्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने १८८८ च्या सुमारास कामगारांची वेळ नोंदवणारे घड्याळ तयार केले. त्यातून निघालेली कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन होत गेली आणि १९२४ साली त्या समूहाचे नाव पडले आय.बी.एम. संगणकाच्या धंद्याच्या वाडवडिलांत एक पंचिंगचे घड्याळही आहे, असे म्हणायला हरकत नाही.

घड्याळ आले आणि त्याच्या मागोमाग त्याला फसवण्याची युक्तीही आली. इंग्रजीत तिला काहीही नाव असो, पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्यांना ती ‘प्रॉक्सी’ म्हणून पाठ आहे. मागच्या बाकावरून मित्राच्या नंबराला ‘येस सर’ म्हणायचे. कारखान्यात किंवा दुकानात तेच कार्ड पंच करून होते, पिन नंबर टाकून होते. फरक इतकाच, की कॉलेजात मास्तरांचे पैसे जात नव्हते.

बाकीचे प्रकार याहून साधे आहेत. पावणेपाचला निघून पाच लिहायचे. जेवणाची सुट्टी तासभर घेऊन अर्धा तास दाखवायची. घरून काम करताना माऊस आपोआप हलवणारे यंत्र लावायचे. हा शेवटचा प्रकार विनोदी वाटतो, पण वेल्स फार्गो बँकेने मे २०२४ मध्ये डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना कीबोर्डवर काम चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून काढले, आणि ते कारण नियामक संस्थेकडच्या नोंदींत लिहिले गेले. त्या क्षेत्रात पुढची नोकरी देणारा ती नोंद वाचतो.

वेळ एकाच जागी लिहिलेली नसते

खोटी टाइमशीट पकडायला कोणी पाळतीवर बसावे लागत नाही. आपण दिवसभरात जेथे जेथे हात लावतो तेथे तेथे वेळ नोंदली जाते. इमारतीचे दार बॅजने उघडले, लॅपटॉप व्ही.पी.एन.ला जोडला, कोड जमा केला, गल्ला उघडला, अलार्म बंद केला. प्रत्येक ठिकाणी तारीख आणि वेळ पडते. या नोंदी हजेरीसाठी ठेवलेल्या नसतात. पण शंका आली की दोन तक्ते शेजारी ठेवून जुळवायला संगणकाला काही मिनिटे पुरतात.

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात नेमके हेच झाले. त्या कार्यालयावर देखरेख करणाऱ्या वाणिज्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने ऑगस्ट २०१६ मध्ये एक अहवाल दिला. पेटंट परीक्षकांनी मागितलेले तास आणि दाराच्या, व्ही.पी.एन.च्या व संगणकाच्या नोंदी १५ महिन्यांसाठी ताडून पाहिल्या, तेव्हा २,८८,४७९ तासांना कसलाच आधार सापडला नाही. त्यांची किंमत १ कोटी ८३ लाख डॉलर. मला त्या अहवालातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली : या आधारहीन तासांपैकी ४३ टक्के तास अवघ्या ४१५ परीक्षकांचे होते, आणि परीक्षक तर हजारोंच्या संख्येने आहेत. म्हणजे बहुतेक माणसे साधारण सरळच वागतात. थोडी माणसे पुष्कळ खोटे लिहितात. जो मालक किंवा मॅनेजर सगळ्यांवर सारखाच संशय घेतो, तो चोर सोडून संन्याशाला फाशी देतो.

मॅसॅच्युसेट्स राज्य पोलिसांचे प्रकरण २०१८ साली गाजले. टर्नपाइकवर गस्त घालणाऱ्या तुकडीतले काही पोलीस ओव्हरटाइम लिहीत आणि प्रत्यक्षात उशिरा येत, लवकर जात किंवा येतच नसत. आपण कामावर होतो हे दाखवण्यासाठी काहींनी ओव्हरटाइमच्या वेळेतल्या वाटाव्यात अशा खोट्या दंडपावत्या तयार केल्या. गाड्यांच्या रेडिओच्या नोंदींनी मात्र वेगळेच सांगितले. ती तुकडी बरखास्त झाली आणि अनेकांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. एक खोटा तास लपवायला दुसरा खोटा कागद करावा लागतो, आणि खटल्यात पुष्कळदा त्या दुसऱ्या कागदाचेच वजन जास्त पडते.

यावर कोणी म्हणेल, मग यंत्रच हुशार बसवा. आपल्याकडची मस्टरची गोष्ट आठवा. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे वाढली आणि त्यांच्याबरोबर ‘बोगस मस्टर’ हा शब्दही रुजला. पुढे ग्रामीण रोजगार हमी योजनेत मजुरांचे दिवसातून दोन वेळा मोबाइलवर फोटो काढून हजेरी लावण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून देशभर झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने स्वतःच पत्रक काढून सांगितले, की काही ठिकाणी कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात आणि काही ठिकाणी फोटोचाच फोटो काढला जातो. सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्या माणसाने हे सांगणे बरे नव्हे, पण जिथे तपासणाऱ्याला तपासायचे नसते तिथे अ‍ॅप काही करू शकत नाही.

कन्सल्टंटच्या घरात

इथली चूक बहुधा आळसाची असते. बुधवारी मुलाला डेंटिस्टकडे नेले, तीन तास गेले, शनिवारी सकाळी ते भरून काढले. शीटवर मात्र आठ-आठ-आठ. तासांची बेरीज बरोबर आहे, तारखा खोट्या आहेत. खासगी क्लायंट कदाचित काही म्हणणार नाही. सरकारी कंत्राटावर असाल तर मात्र सावध. संरक्षण खात्याच्या कंत्राटांची तपासणी करणारी यंत्रणा अपेक्षा धरते, की तास रोजच्या रोज, ज्याचे त्यानेच आणि ज्या कामाचे त्याच कामावर लिहावेत. दुरुस्ती केली तर कोणी व का केली ते दिसावे. तिचे तपासनीस न सांगता येऊन ‘आज सकाळपासून कशावर काम करता आहात’ असे विचारू शकतात. सरकारला खोटी मागणी सादर करण्याविरुद्धचा कायदा १८६३ चा, यादवी युद्धाच्या काळातला आहे; त्यात नुकसानीच्या तिप्पट वसुली आणि वर प्रत्येक मागणीमागे दंड आहे. जाणूनबुजून खोटे निवेदन केल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. सांगितले कंपनीने, पण सही तुमची, असा पेच इथे पडतो.

कंपनी काय काय सांगते? एक नेहमीचे वाक्य म्हणजे, ‘क्लायंटने ४० तासच मंजूर केले आहेत, ५२ झाले असले तरी ४० च लिहा.’ पुष्कळ जण हे निष्ठेचे लक्षण समजतात. संगणक क्षेत्रातल्या विशिष्ट कामांना ताशी २७.६३ डॉलर किंवा अधिक मिळत असतील, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे दीडपट ओव्हरटाइम देण्याचे बंधन नाही, हे खरे. पण ताशी पगारावर असाल तर झालेल्या प्रत्येक तासाचा साधा दर तरी मिळायलाच हवा. आणि दीडपट मिळो वा न मिळो, ५२ चे ४० लिहिणे हेही खोटेच लिहिणे आहे. खरे तास लिहावेत. मंजुरीचा वाद मॅनेजरशी ई-मेलवर करावा. तोंडी करू नये.

दुसरे वाक्य याहून घातक आहे आणि ते एच-१बी वर असलेल्यांच्या वाट्याला येते. प्रोजेक्ट संपला, पुढचा मिळेपर्यंत माणूस ‘बेंच’वर. १९९८ च्या कायद्याने हे स्पष्ट केले आहे, की काम नाही म्हणून रिकामे बसवलेल्या एच-१बी कर्मचाऱ्याला ठरलेला पगार द्यावाच लागतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे : कर्मचाऱ्याने स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या कारणासाठी रजा मागितली असेल तर पगार द्यावा लागत नाही. आता लक्षात येईल, की बेंचवरच्या मुलाला ‘या तीन आठवड्यांसाठी पोर्टलवर बिनपगारी रजा टाकून दे, फॉर्मॅलिटी आहे’ असा फोन का येतो. ती फॉर्मॅलिटी नाही. ज्या एका कागदाने मालकाची जबाबदारी संपते तो कागद तुमच्या हातून करून घेतला जातो आहे.

आमच्या परिचयातल्या एका तरुणाला असाच फोन आला होता. बायको गरोदर, विमा कंपनीचाच, नाही म्हणायची सोय नाही. त्याने भांडण केले नाही. त्याने ई-मेल लिहिली, की मी रजा मागितलेली नाही, मी कामासाठी उपलब्ध आहे, टाइमशीटवर हे तास कोणत्या कोडखाली लिहू ते कळवावे. चार दिवस उत्तर आले नाही. पाचव्या दिवशी कोड आला आणि महिनाअखेर पगारही आला. सगळ्यांचेच इतके सुरळीत होईल असे नाही. पण ती ई-मेल नसती तर त्याच्याकडे सांगायला फक्त गोष्ट उरली असती.

आणि दोन नोकऱ्यांबद्दल. घरून काम सुरू झाल्यापासून एकाच वेळी दोन कंपन्यांत पूर्णवेळ काम करण्याचे प्रकार वाढले, आणि त्यांतले काही आपल्या देशबांधवांच्या नावावर जगभर गाजले. नैतिकतेचे सोडा. एच-१बी वर असाल तर दुसऱ्या मालकाने तुमच्यासाठी स्वतंत्र अर्ज केल्याशिवाय त्याच्याकडे एक तासही काम करता येत नाही. दोन्हीकडच्या टाइमशीटवर मंगळवारी सकाळचे दहा ते बारा हेच तास असतील तर खुलासा कोणाला आणि काय करणार?

दुकानमालकाच्या घरात

आपले व्यावसायिक बंधू-भगिनी भेटले की तक्रार असते, ‘माणसे तास चोरतात.’ चोरतात, हे खरे आहे. पण कायद्याच्या पुस्तकात मालकाने चोरलेल्या तासांवर जितकी पाने आहेत तितकी नोकराने चोरलेल्या तासांवर नाहीत, आणि पुष्कळ मालकांना आपण चोरतो आहोत याचा पत्ताही नसतो.

दुकान रात्री दहाला बंद. पंचिंग दहाला. मग फरशी पुसणे, गल्ला मोजणे, कचरा टाकणे, कुलूप लावणे, दहा मिनिटे. स्टारबक्सविरुद्धच्या एका खटल्यात अशाच बंद करण्याच्या वेळेच्या कामांबद्दल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला, की रोज नियमाने होणारी काही मिनिटे क्षुल्लक म्हणून सोडून देता येणार नाहीत. तो निकाल कॅलिफोर्नियाचा. आपण इलिनॉयचा हिशेब करू. इथे किमान वेतन १ जानेवारी २०२५ पासून ताशी १५ डॉलर झाले (शिकागो शहराचे त्याहून जास्त). किमान वेतनावरचे सहा कर्मचारी, रोज दहा मिनिटे, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे ५० आठवडे : १५,००० मिनिटे म्हणजे २५० तास म्हणजे ३,७५० डॉलर. तीन वर्षांचे ११,२५०. इलिनॉयमध्ये २०१९ पासून अशा थकबाकीच्या तिप्पट भरपाई मागता येते, म्हणजे ३३,७५०. त्यावर दरमहा पाच टक्के, आणि समोरच्याच्या वकिलाची फी. दहा मिनिटांचे हे असे होते.

सॉफ्टवेअरमधल्या एका सोयीने पुष्कळांना गोत्यात आणले आहे. पाळी अमुक तासांहून मोठी असली की जेवणाची ३० मिनिटे आपोआप वजा होतात. सोय चांगली, पण स्वयंपाकघरातला माणूस एका हाताने तवा हलवत उभ्याने दोन घास खातो तेव्हा त्याची सुट्टी झालेली नसते. माणूस कामातून पूर्ण मोकळा झाला नसेल तर ती अर्धी घटका कामाचीच. ही आपोआप वजाबाकी बंद करून जेवायला जाताना-येताना पंच करायला सांगावे. इलिनॉयमध्ये साडेसात तासांच्या पाळीला निदान २० मिनिटांची जेवणाची सुट्टी, तीही पहिल्या पाच तासांच्या आत, द्यावीच लागते. ती दिल्याचा पुरावाही त्यातूनच तयार होतो.

वेळ पूर्णांकात धरण्याचेही तसेच. केंद्रीय नियम पाव तासापर्यंत जवळच्या आकड्याला नेण्याची मुभा देतो : ८:०७ ला आलेला ८:०० धरा, ८:०८ ला आलेला ८:१५. अट अशी की दोन्ही बाजूंनी सारखे व्हावे. येताना पुढे आणि जाताना मागे, असे केवळ मालकाच्या सोयीने केले तर ती कपात ठरते. खरे सांगायचे तर आज मिनिटे मोजणारे यंत्र फुकट मिळत असताना पूर्णांकात नेण्याची गरजच उरलेली नाही.

मुख्य गोष्ट पुढे आहे. मालक रात्री घरी बसून पोर्टल उघडतो, १०:२० चे १०:०० करतो. का, तर ‘मी ओव्हरटाइमची परवानगी दिली नव्हती.’ कायदा म्हणतो, काम तुम्ही सांगितलेले नसले पण होऊ दिलेत, तर त्याचे पैसे द्या. परवानगीशिवाय थांबल्याबद्दल समज द्या, लेखी ताकीद द्या, तरीही ऐकत नसेल तर काढा. पण झालेल्या तासाचा पगार आधी. आणि कृपा करून १०:२० पुसू नका. आम्ही मंडळी जी प्रणाली बांधतो तिच्या पोटात आणखी एक वही असते. मूळ आकडा काय होता, कोणी बदलला, किती वाजता, कोणत्या संगणकावरून, सगळे तिथे राहते. वकिलाची नोटीस आली की पहिली मागणी त्या वहीचीच होते.

नोंदीच नसतील तर बरे, असेही कोणी समजू नये. मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स पॉटरी या कारखान्याच्या खटल्यात १९४६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकले, की मालकाने नीट नोंदी ठेवल्या नसतील तर कामगाराने दिलेला वाजवी अंदाज ग्राह्य धरावा, आणि तो चूक आहे हे मालकाने सिद्ध करावे. म्हणजे नोंद नसलेल्या दुकानात नोकराची आठवण हेच मस्टर.

आता प्रॉक्सी थांबवायला पुष्कळ जण बोटाच्या ठशाचे घड्याळ ऑनलाइन मागवतात. इलिनॉयमध्ये राहत असाल तर खोका फोडण्याआधी हे वाचा. २००८ पासून इथे शरीरचिन्हांच्या गोपनीयतेचा कायदा आहे. कर्मचाऱ्याला आधी लेखी कळवायचे, कशासाठी आणि किती काळ ठसा ठेवणार ते सांगायचे, त्याची लेखी संमती घ्यायची, आणि ठसे केव्हा नष्ट करणार याचे धोरण जाहीर ठेवायचे. चुकलात तर प्रत्यक्ष नुकसान झालेले नसतानाही कर्मचारी दावा लावू शकतो. हलगर्जीपणाला १,००० डॉलर, जाणूनबुजून केल्यास ५,०००. व्हाइट कॅसल या हॅम्बर्गरच्या साखळीविरुद्धच्या खटल्यात इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रत्येक वेळच्या ठशाला वेगळे उल्लंघन मानले, तेव्हा सुमारे ९,५०० कर्मचाऱ्यांचा हिशेब १७ अब्ज डॉलरांवर जाईल असे कंपनीच म्हणाली. ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा बदलून दर ठशाऐवजी दर माणशी असा हिशेब झाला आणि संमती इलेक्ट्रॉनिक सहीने घेतली तरी चालते असे ठरले. संमतीची गरज मात्र तशीच आहे. सहा माणसांच्या दुकानाला माझ्या मते ठसा लागतच नाही. प्रत्येकाला वेगळा पिन आणि घड्याळ गल्ल्याच्या शेजारी, जिथे सगळ्यांना दिसते, एवढ्यावर प्रॉक्सी बहुतेक थांबते.

उरलेली थांबवायची असेल तर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे खर्च करा. पंचिंगचे तास एका बाजूला, गल्ला उघडल्या-मिटल्याच्या किंवा अलार्मच्या वेळा दुसऱ्या बाजूला. एखाद्याचे एकदा चुकले तर ते विसरणे असते. पाच आठवडे सोमवारी सकाळीच चुकत असेल तर त्याला एकट्याला बोलावून विचारा. विचारा, आरोप करू नका. एकदा तर असे निघाले, की माणूस वेळेवर येत होता आणि किल्ली घेऊन येणारा दुसराच उशिरा येत होता. चोरी सिद्ध झाली तरी शेवटच्या पगारातून परस्पर पैसे कापू नका. इलिनॉयमध्ये त्या वेळी मोकळेपणाने दिलेली लेखी संमती असल्याशिवाय अशी कपात चालत नाही. शिवाय तास मंजूर करणारा आणि पगाराचा चेक काढणारा एकच माणूस नसावा. नवरा-बायकोत ही वाटणी सहज होते.

जाता जाता एक नाजूक गोष्ट. भारतातून आलेले आईवडील किंवा मेहुणा व्हिजिटर व्हिसावर असताना काउंटरवर उभे राहतात आणि त्यांचे तास वहिनींच्या नावावर पडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. घरचेच आहेत म्हणून त्याचे काही वाटत नाही. पण एका पंचमध्ये इथे दोन गोष्टी होतात : व्हिसावर मनाई असलेले काम आणि खोटी वेतननोंद.

आजींच्या घरात

वृद्धांना नर्सिंग होमऐवजी घरीच राहता यावे म्हणून मेडिकेडच्या आणि राज्याच्या योजना आहेत. इलिनॉयचा कम्युनिटी केअर प्रोग्रॅम त्यांतलाच. काही योजनांत नातेवाइकालाच एजन्सीमार्फत मदतनीस म्हणून नेमता येते. आंघोळ घालणे, जेवू घालणे, औषधाची आठवण करणे, हे सून करीतच होती. आता त्याचे तासांवर पैसे मिळतात. योजना उत्तम आहे आणि तिचा लाभ घेण्यात संकोच मानू नये.

२०१६ च्या एका केंद्रीय कायद्याने मेडिकेडच्या अशा सेवेची नोंद इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करणे राज्यांना बंधनकारक केले. कोणती सेवा, कोणाला, कोणी, कोणत्या तारखेला, कोठे, आणि किती ते किती, या सहा गोष्टी टिपल्या जातात; बहुधा फोनवरूनच. इथे घरोघर होणारी चूक एकच आहे. आजी इस्पितळात दाखल होतात, किंवा हिवाळ्याचे तीन महिने पुण्याला जातात, आणि फोनवरचे चेक-इन चालू राहते. आमच्या ओळखीच्या एका बाईंना तर एजन्सीच्याच माणसाने सुचवले होते, ‘ताई, चेक-इन थांबवू नका, नाहीतर पुढच्या वेळी तास कमी करतील.’ त्यांनी सासूबाई दाखल झाल्या त्या दिवशीच कळवून टाकले. दोन आठवड्यांचे पैसे गेले. आजी घरी आल्यावर तास पूर्ववत झाले.

न कळवणारे पकडले जातात ते साध्या कारणाने. इस्पितळही त्याच दिवसांचे बिल मेडिकेअरला किंवा मेडिकेडला पाठवते, आणि परदेशवारीच्या तारखा पासपोर्टवर असतात. रक्कम किरकोळ वाटते म्हणून हिशेब करून दाखवतो. आठवड्याला २० तास, उदाहरणादाखल ताशी १८ डॉलर, १२ आठवडे : ४,३२० डॉलर. असे तीन हिवाळे झाले की १२,९६०. इथे १०,००० हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या फसवणुकीत समोरच्याचे नुकसान १०,००० डॉलरांहून अधिक झाले, तिच्याबद्दल दोषी ठरलेल्या बिगर-नागरिकाला इमिग्रेशन कायदा अत्यंत गंभीर गुन्हेगारांच्या वर्गात टाकतो. ग्रीनकार्ड असले तरी देशाबाहेर काढता येते आणि परतीचे बहुतेक मार्ग बंद होतात. २००९ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अशा एका प्रकरणातला ग्रीनकार्डधारक मूळचा भारतीयच होता. नुकसानीची रक्कम गुन्ह्याच्या व्याख्येत लिहिलेली नसली तरी प्रत्यक्ष परिस्थितीवरून ठरवता येते, असा निकाल त्याच्याविरुद्ध गेला. त्याचा गुन्हा बँकेच्या फसवणुकीचा होता, आजींच्या तासांचा नव्हता. नियम मात्र तोच लागतो.

आता कागदपत्रांविषयी. मालकाने पगाराच्या नोंदी निदान तीन वर्षे आणि टाइमकार्डे निदान दोन वर्षे ठेवावीत असे केंद्रीय नियम आहे. मी म्हणेन दोन्ही तीन वर्षे ठेवावीत, जागा कितीशी लागते. नोकरदाराची तक्रार असेल तर केंद्रीय श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे ती विनामूल्य करता येते; एच-१बी च्या पगाराबद्दल डब्ल्यू.एच.-४ हा वेगळा फॉर्म आहे आणि त्याची मुदत शेवटच्या उल्लंघनापासून १२ महिने आहे. तक्रारीला पुरावा लागतो, आणि कंपनीच्या पोर्टलचे दार नोकरी सुटते त्याच संध्याकाळी बंद होते. म्हणून टाइमशीट मंजूर झाली की तिची एक प्रत त्याच दिवशी काढावी आणि घरच्या फाइलमध्ये त्या पंधरवड्याच्या पे-स्टबला लावून ठेवावी.